रात्रभर जागणारं यकृत

सकाळचे साडेसहा. सात वर्षांची पोर पांघरूण डोक्यावर ओढून घेते आणि आई तिसऱ्यांदा हाक मारते. रात्री आठला वरणभात खाल्ला, त्यानंतर साडेदहा तास पोटात अन्नाचा कण नाही. तरी अंग उबदार आहे, हृदय ठोके देतंय, स्वप्नंही पडून गेलीत. हे सगळं चाललं कशावर?

यात यकृताचा वाटा मोठा. पोळीभातातली साखर ते ग्लायकोजेनच्या रूपात साठवतं आणि रात्रभर बेताबेताने रक्तात सोडत राहतं. मोठ्या माणसाच्या यकृतात हा साठा साधारण 100 ग्रॅमचा. मुलांचं यकृत लहान, साठाही लहान; खाणारा मात्र अवाढव्य! पाचव्या वर्षाच्या आसपास मुलाचा मेंदू शरीराच्या एकूण ऊर्जेतली 40 टक्क्यांहून अधिक ऊर्जा एकटा फस्त करतो. झोपेतही त्याची भूक सुटत नाही.

ग्लायकोजेन स्नायूंतही असतं, एकूण पाहिलं तर यकृतापेक्षा कितीतरी जास्त. पण ती साखर रक्तात सोडायला लागणारं विकरच स्नायूंकडे नाही. कोठार भरलेलं आणि दाराला आतून कडी. मग स्नायू दुसऱ्या वाटेने हातभार लावतात, आणि ही वाट कितीदा वाचली तरी मी थक्क होतो. ते स्वतःची थोडी प्रथिनं मोडतात आणि ॲलनिन नावाचं अमिनो आम्ल रक्तात सोडतात. यकृत ते उचलतं, त्यातला नायट्रोजन वेगळा करतं आणि उरलेल्या सांगाड्यातून नवी साखर घडवतं. नायट्रोजनचा होतो युरिया, आणि सकाळच्या पहिल्या लघवीतून तो बाहेर पडतो.

घाबरण्यासारखं यात काही नाही. ही रोज रात्रीची उसनवारी आहे. एखाद्या दिवशी न्याहारी चुकली म्हणून स्नायू झडत नाहीत. पण मोठ्यांचा हिशेब बरोबरीत सुटला तरी भागतं, वाढत्या मुलांची जमा मात्र खर्चाहून जास्त लागते.

इथे चहा-बिस्किट अपुरं पडतं. त्यातल्या साखरेने मेंदू खूश होतो, इन्शुलिन वाढतं, स्नायूंची मोडही थांबते. बांधकामाला मात्र अमिनो आम्लं हवीत, त्यातही ल्युसिन. माल आला, कामाला लागा, हा निरोप स्नायूपेशीला तेच देतं. शिवाय चरबीसारखा प्रथिनांचा वेगळा साठा शरीराला करता येत नाही, म्हणून सगळी भिस्त रात्रीच्या जेवणावर ठेवणं मला पटत नाही. सात ते नऊ वर्षांच्या मुलांना दिवसाला सुमारे 23 ग्रॅम प्रथिनं लागतात. एका अंड्यात किंवा पेलाभर दुधात सहाएक ग्रॅम मिळतात.

आणि भाजणी! ज्वारी, बाजरी, तांदूळ यांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी. हरभरा आणि उडदाच्या डाळीत ते भरपूर, पण तिथे मेथिओनिन तोकडं, जे धान्यांत असतं. एकाची उणीव दुसरं भरून काढतं. थालीपिठाच्या भोकांत तेल चुरचुरतं, कडा खरपूस होतात, सोबत वाटीभर घट्ट दही. पोर उभ्याउभ्याच शेवटचा घास कोंबते आणि दप्तर सावरत जिना उतरते. शाळेत दुसरा तास सुरू होतो तेव्हा त्या दह्यातलं ल्युसिन तिच्या मांडीच्या स्नायूंत पोचू लागलेलं असतं.