केलेल्या कामाचे चीज

माणूस पोटासाठी राबतो हे खरे. पण तो केवळ पोटासाठी राबतो असे मानणे म्हणजे मनुष्यस्वभावाची निम्मीच बाजू पाहणे होय. पगार वेळेवर मिळत असूनही ज्यांचे मन कामातून उडाले आहे, अशी माणसे प्रत्येकाच्या परिचयात असतील. त्यांच्याशी मोकळेपणाने बोलावे, तो बहुधा एकच गाऱ्हाणे ऐकू येते : ‘आम्ही काय करतो हे कोणी पाहतच नाही.’ अलीकडे या गाऱ्हाण्यावर यंत्रांचा उपाय योजिला जाऊ लागला आहे. कचेरीतील मंडळींच्या मोबाइलवर शाबासकीचे गुण जमा होतात, सहकाऱ्यांनी दिलेले बिल्ले झळकतात, महिन्याच्या उत्तम कर्मचाऱ्याचे नाव पडद्यावर येते. आमच्या वाचकांच्या घरांतील मुलांना व लेकीसुनांना पुण्यामुंबईच्या कचेऱ्यांत हा अनुभव नवा नाही. तेव्हा यंत्राच्या साहाय्याने कामाचे चीज होते काय, आणि होत असेल तर कोणत्या अटीवर, याचा विचार येथे करावयाचे आम्ही योजिले आहे.

कल्पना मुळात जुनी आहे. स्कॉटलंडात क्लाइड नदीकाठी न्यू लॅनार्क नावाचे गिरणगाव आहे. तेथील सूतगिरण्यांचा कारभार १८०० साली रॉबर्ट ओवेन याने हाती घेतला, तेव्हा मजुरांत चोरी, दारू व कामचुकारपणा माजला होता, असे तो सांगतो. शिक्षेचा बडगा न उगारता त्याने एक लाकडी ठोकळा करविला. दोन इंच लांब व एक इंच रुंद अशा या ठोकळ्याच्या चार बाजूंस चार रंग होते : काळा म्हणजे वाईट, निळा म्हणजे बेताचा, पिवळा म्हणजे चांगला आणि पांढरा म्हणजे उत्कृष्ट. प्रत्येक मजुराजवळ तो सर्वांस दिसेल असा टांगलेला असे, आणि आदल्या दिवशीच्या वर्तनास जो रंग मिळाला असेल तो समोर येई. रोजचा रंग वहीत नोंदला जाई. ओवेनने याला ‘मूक निरीक्षक’ असे नाव दिले होते. गिरणीतून फिरताना तो माणसाकडे पाही, ठोकळ्याकडे पाही आणि अवाक्षर न काढता पुढे जाई. आरंभी काळ्या रंगाची गर्दी होती. पुढे काळ्याची जागा निळ्याने, निळ्याची पिवळ्याने घेतली, असे त्याने १८५७ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात लिहिले आहे.

परंतु एवढ्यावरून सारे श्रेय ठोकळ्यास देणे उतावीळपणाचे होईल. दिलेला रंग अन्यायाचा वाटल्यास मजुरास थेट ओवेनकडे दाद मागण्याची मुभा होती. शिवाय, अमेरिकेतून येणारा कापूस बंद झाल्यामुळे (ओवेन हे साल १८०६ देतो) गिरण्या चार महिने थांबल्या, तेव्हा त्याने कोणाचाही पगार कापला नाही. यापायी सात हजार पौंडांहून अधिक रक्कम खर्ची पडली. मजुरांचा पूर्ण विश्वास आपणांस तेव्हाच लाभला, असे तो स्वतःच म्हणतो. चारचौघांत आपला काळा रंग टांगलेला पाहणे आज कोणालाही अपमानास्पद वाटेल, आणि ते योग्यच आहे. तरीही त्या मजुरांनी तो ठोकळा सोसला याचे कारण ठोकळ्यापेक्षा त्याच्यामागे उभ्या असलेल्या माणसात शोधावे लागते.

आपल्याकडील उदाहरण नागपूरचे. जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. खुद्द इंग्लंडातील गिरणीवाले ज्यांविषयी साशंक होते त्या नव्या रिंग चात्या जमशेटजींनी येथे वापरून पाहिल्या. हवा दमट राखणारी यंत्रे व आग विझविणारे पाण्याचे फवारेही बसविले. यंत्रे उत्तम आली, पण माणसे रोज कामावर येईनात. दर दिवशी वीस टक्के मजूर गैरहजर राहत, असे जमशेटजींच्या चरित्रात नमूद आहे. दुसरा कोणी असता तर त्याने दंडाची वही काढली असती. जमशेटजींनी मजुरांच्या कुटुंबांसाठी मेळावे व खेळांचे दिवस ठेवले आणि त्यांत सोन्याच्या साखळ्या, घड्याळे व रोख बक्षिसे वाटली. त्याबरोबरच १८८६ साली निवृत्तिवेतनाची आणि १८९५ साली अपघाताच्या भरपाईची तजवीज केली. गळ्यात पडलेली साखळी आणि म्हातारपणाची सोय ही दोन्ही एकाच हाताने दिलेली होती, म्हणून त्या साखळीला मोल आले, असे आम्हांस वाटते.

या विषयाला शास्त्राचे रूप आले ते अमेरिकेत, शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात. तेथे टेलिफोनची सामग्री तयार होई. १९२७ च्या एप्रिलात सहा स्त्रियांना एका स्वतंत्र खोलीत बसवून त्यांच्याकडून ‘रिले’ नावाचा भाग जुळविण्याचे काम घेण्यास आरंभ झाला. तयार रिले पन्हळीत टाकला की यंत्र कागदाच्या पट्टीवर एक भोक पाडी. अशा रीतीने क्षणाक्षणाचा हिशेब राही. मग कधी मधली सुटी द्यावी, कधी खाऊ द्यावा, कधी दिवस आखूड करावा, आणि हे सारे त्या स्त्रियांना विचारून करावे, असा क्रम चालला. काम वाढत गेले. पुढे साऱ्या सवलती काढून घेतल्या, तरीही ते पूर्वीच्या पातळीवर उतरले नाही. आपली कोणी दखल घेते, आपणांस कोणी विचारते, या जाणिवेचा हा परिणाम, असा निष्कर्ष एल्टन मेयो व त्याच्या सहकाऱ्यांनी काढला. नंतरच्या अभ्यासकांनी यावर हरकत घेतली : त्या स्त्रियांच्या मोबदल्याची पद्धतही बदलली होती आणि दोघींना मध्येच बदलण्यात आले होते. ही हरकत रास्त आहे. नुसत्या कौतुकाने सर्व साधते असे मानणाऱ्यांनी ती लक्षात ठेवावी.

त्याच कारखान्यात १९३१-३२ साली चौदा पुरुषांच्या एका गटाची पाहणी झाली. तेथे उलटाच प्रकार आढळला. फार काम दाखविले तर दर उतरतील या भयाने त्यांनी आपसांत मर्यादा ठरविली होती, आणि तीहून पुढे जाणाऱ्यास ते दंडावर गुद्दा मारून आवरीत. मोजणी दोन्हीकडे होती. ती कोणाच्या हिताची, याविषयीची समजूत मात्र भिन्न होती.

तिसरे उदाहरण यांहून बोलके आहे. कॅलिफोर्नियात फ्रीमाँट येथे जनरल मोटर्सचा कारखाना होता. गैरहजेरी व भांडणे यांबद्दल तो कुप्रसिद्ध होता. १९८२ साली तो बंद पडला. १९८४ साली टोयोटाच्या भागीदारीत तो पुन्हा उघडला आणि बहुतांश जुनेच कामगार परत घेतले गेले. तेथे वाहत्या पट्ट्याच्या वर एक दोरी बांधली होती. कामात दोष दिसला की कोणाही कामगाराने ती ओढावी. लगेच दिवा लागे, सूर वाजे आणि टोळीचा प्रमुख मदतीस धावे. वेळेत दोष निघाला नाही तर पट्टा थांबे. पूर्वी ज्या जागी पट्टा थांबविणे हा गुन्हा समजला जाई, तेथे तो थांबविण्याचा अधिकार अगदी साध्या कामगाराच्या हाती आला. सुमारे वीस टक्क्यांवर गेलेली गैरहजेरी दोनतीन टक्क्यांवर आली. कामगारांच्या सूचना मागवून त्यांना बक्षीस देण्याची पद्धत टोयोटाने जपानात १९५१ पासूनच चालविली होती. दोरी हे तिचेच भावंड. हा कारखाना २०१० साली बंद झाला, पण त्याचा धडा शिल्लक आहे.

याच्या उलट दाखला त्याच कॅलिफोर्नियातील अनाहाइम येथला. तेथील डिस्नीच्या हॉटेलांच्या धुलाईघरात मोठे पडदे लावून प्रत्येक कामगाराचे नाव व कामाचा वेग सर्वांसमक्ष झळकविला जाई. २०११ साली ‘लॉस अँजेलिस टाइम्स’ने ही हकीकत छापली. कामगारांनी त्या पडद्याला ‘विजेचा आसूड’ असे नाव दिले होते. दोरीतून कामगाराचा शब्द वर जात होता. पडद्यातून वरचा धाक तेवढा खाली येत होता.

तेव्हा आज ज्यांच्या हाती चार माणसांचा कारभार आहे अशा आमच्या वाचकांनी शाबासकीचे नवे यंत्र घेण्यापूर्वी तीन प्रश्न स्वतःस विचारावे. यातून कामगाराला काही सांगता येते, की केवळ त्याच्याविषयी सांगितले जाते? गुण चुकले तर दाद कोणाकडे मागावयाची? आणि पगार, सुटी, आजारपण यांत आपण हात आखडता घेऊन वर बिल्ले तर वाटीत नाही ना? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर समाधानकारक नसेल, तर बिल्ल्यांचा खर्च वाचवावा हे बरे. कौतुक करावयाचे ते नेमके करावे. ‘छान काम’ असे शंभरांना एकदम पाठविण्यापेक्षा, ‘काल रात्री तुम्ही हिशेबातली ती चूक पकडली म्हणून आजचे बिल अडले नाही,’ असे एकाला सांगणे अधिक मोलाचे. यंत्राचा खरा उपयोग येथेच आहे. दूरच्या शाखेत, रात्रपाळीत कोणी काय केले हे ते वरिष्ठाच्या नजरेस आणून देऊ शकते. पुढचे दोन शब्द मात्र त्यानेच बोलावयाचे असतात.

हा विचार कचेरीपुरताच राहू नये. वीस पाने उठतात त्या घरात भाजीत मीठ कमी पडले तर दहा जण बोलतात. नित्य बरोबर पडते याची नोंद कोण घेतो? घरकामाला येणाऱ्या बाई एक दिवस आल्या नाहीत की त्यांचे काम आपणांस दिसते. येथे यंत्राची गरज नाही. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत चालत जाऊन जे झाले ते नाव घेऊन सांगावे, बाईंचा पगार ठरल्या तारखेस द्यावा व त्यांची सुटी कापू नये. हे घरी अंगवळणी पडलेली मुले उद्या कोणाची वरिष्ठ होतील, तेव्हा त्यांच्या हाताखालच्या माणसांना त्याचा लाभ होईल.