एक लाख रेडिओंची मागणी

उद्योग उभारणाऱ्या माणसांची आत्मचरित्रे बहुधा यशाच्या शिखरावर बसून लिहिलेली असतात, आणि तेथून मागे वळून पाहणाऱ्यास वाटेतील खाचखळगेही सुबक दिसू लागतात. जपानमधील सोनी कंपनीचे एक संस्थापक अकिओ मोरिता यांचे ‘मेड इन जपान’ हे १९८६ साली प्रसिद्ध झालेले आत्मकथन या दोषापासून सर्वस्वी मुक्त आहे असे म्हणता येणार नाही. तथापि धंदा म्हणजे स्वस्तात घेणे आणि महागात विकणे, एवढेच ज्यांस वाटते, त्यांना विचार करावयास लावणारे काही प्रसंग त्यात आहेत.

मोरिता यांचे घराणे नागोया शहराजवळचे. साके हे तांदळाचे मद्य तयार करण्याचा त्यांचा धंदा सुमारे तीनशे वर्षांचा, आणि अकिओ हे पंधराव्या पिढीचे थोरले चिरंजीव. थोरल्याने पेढी सांभाळावयाची ही तेथली रीत आपल्याकडच्या जुन्या व्यापारी घराण्यांहून फारशी निराळी नव्हती. युद्धकाळात एका संशोधन समितीवर काम करीत असता या पदार्थविज्ञानाच्या पदवीधराची गाठ मासारू इबुका या कल्पक अभियंत्याशी पडली. पुढे इबुका मोरितांच्या वडिलांकडे स्वतः गेले, आणि एखाद्याने मुलीला मागणी घालावी तशी त्यांनी या मुलाला मागणी घातली. वडिलांनी होकार दिला, इतकेच नव्हे तर वेळोवेळी पैसाही पुरविला. ज्यांच्या पाठीशी असे घर नसते, त्यांनी हे आत्मकथन वाचताना ही गोष्ट विसरू नये.

मे १९४६ मध्ये १ लाख ९० हजार येन भांडवलावर कंपनी निघाली. तिचे नाव ‘टोकियो त्सुशिन कोग्यो’, म्हणजे दूरसंचाराची साधने बनविणारी टोकियोची कंपनी. विजेवर भात शिजविण्याचे एक लाकडी भांडे इबुकांनी तयार केले; त्यात भात कधी गिचका होई तर कधी कच्चा राही. मग विजेवर तापणारी बसावयाची आसने विकली. ती खपली; पण त्या मालावर आपले नाव घालण्याचे धैर्य मंडळींना झाले नाही. आसने ‘गिंझा हीटिंग’ अशा भलत्याच नावाने बाजारात गेली.

खरा धडा मिळाला तो टेपरेकॉर्डरच्या वेळी. जपानच्या नभोवाणीच्या कचेरीत इबुकांनी अमेरिकन बनावटीचे यंत्र पाहिले आणि तसेच यंत्र करण्याचा ध्यास घेतला. चुंबकीय लेप कढईत भाजून तयार केला, कागदी फितीवर तो हाताने ब्रशने चढविला आणि १९५० साली यंत्र सिद्ध झाले. वजन ३५ किलो, किंमत १ लाख ७० हजार येन! कामगाराचा महिन्याचा पगार त्या काळी १० हजार येनही नव्हता. यंत्र पाहून लोक थक्क होत, आपलाच आवाज ऐकून हसत, आणि रिकाम्या हाताने परतत. एके दिवशी मोरितांनी जुन्या वस्तूंच्या दुकानात एक गिऱ्हाईक पाहिले. त्याने एका जुनाट भांड्यासाठी या यंत्राहूनही अधिक रक्कम आनंदाने मोजली. मोल वस्तूत नसते, तिची ज्याला गरज भासते त्याच्या मनात असते, हे मोरितांना तेव्हा उमगले. मग असा गरजवंत कोण, याचा शोध सुरू झाला. युद्धामुळे शिक्षण खंडित होऊन लघुलेखकांचा तुटवडा पडला होता आणि न्यायालयांची कामे अडत होती. जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने एकदम २० यंत्रे घेतली. त्यानंतर शाळांकडे लक्ष गेले, आणि त्यांच्यासाठी लहान व स्वस्त यंत्र बनविण्यात आले.

१९५३ साली मोरितांनी अमेरिकेतील वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीशी ट्रान्झिस्टरच्या परवान्याचा करार केला. शुल्क २५ हजार डॉलर. परकीय चलनाची परवानगी देण्यास जपानच्या व्यापार व उद्योग मंत्रालयाने सुमारे सहा महिने घेतले. अधिकाऱ्यांवर हसणे सोपे आहे. उद्ध्वस्त देशात एकेक डॉलर जपून खर्च करावयाचा, आणि श्रवणयंत्रापलीकडे ट्रान्झिस्टरचा घरगुती उपयोग नाही असे खुद्द परवाना देणारेच सांगत होते. पुढे याच इवल्याशा वस्तूचे नाव भारतातील घराघरांत रेडिओलाच मिळाले!

१९५५ साली मोरिता आपला छोटा रेडिओ घेऊन न्यूयॉर्कला गेले. बुलोव्हा या कंपनीने एकदम एक लाख रेडिओंची मागणी नोंदविण्याची तयारी दर्शविली. मागणीची रक्कम मोरितांच्या कंपनीच्या एकंदर भांडवलाच्या कित्येक पट होती. अट एकच : रेडिओवर नाव बुलोव्हाचे. टोकियोहून तार आली, मागणी स्वीकारा. मोरितांनी ती नाकारली. आमचे नाव प्रस्थापित होण्यास ५० वर्षे लागली, असे समोरच्या गृहस्थाने सुनावले. त्यावर, ५० वर्षांपूर्वी तुमचेही नाव कोणास ठाऊक नव्हते, असे उत्तर मोरितांनी दिले. आपला हा सर्वोत्तम निर्णय, असे ते लिहितात. १९८६ साली हे म्हणणे सोपे होते. १९५५ साली टोकियोत पगाराची चिंता वाहणाऱ्या सहकाऱ्यांची भीती काही खुळी नव्हती.

दुसऱ्या एका अमेरिकन व्यापाऱ्याची सुमारे दीडशे दुकाने होती. ५ हजार, १० हजार, ३० हजार, ५० हजार आणि १ लाख नगांचे दर त्याने मागितले. जितका घाऊक माल तितका भाव उतरता, हा बाजाराचा सर्वमान्य नियम. मोरितांनी मात्र निराळाच तक्ता मांडला : १० हजारांना दर सर्वांत कमी, ३० हजारांपासून चढता, ५० हजारांना पाच हजारांच्या दराहूनही अधिक, आणि लाखाला सर्वांत महाग. त्यांचा कारखाना महिन्याला हजारभर रेडिओही काढू शकत नव्हता. लाखाची मागणी घ्यावयाची तर इमारत वाढविणे, यंत्रे आणणे, माणसे नेमून शिकविणे आले. पुढच्या वर्षी मागणीच आली नाही तर? जपानी कारखान्यात माणसे घेतली की सहसा काढता येत नसत. म्हणून विस्ताराचा सगळा खर्च त्या एकाच मागणीतून भरून निघेल असा दर त्यांनी लावला होता. इतकी वर्षे खरेदी करीत आलो, पण जास्त माल घेतला तर जास्त दर सांगणारा विक्रेता पहिलाच भेटला, असे तो व्यापारी म्हणाला. हिशोब समजावून सांगितल्यावर त्याला हसू आले, आणि त्याने १० हजार रेडिओंची मागणी नोंदविली.