पडू नये म्हणून!

एच. जी. वेल्स यांच्या खेळात नियम सरळ होता: पडला तो मेला. 'लिटल वॉर्स' हे त्यांचं १९१३चं पुस्तक म्हणजे खेळण्यातल्या सैनिकांच्या लढाया घरातल्या फरशीवर कशा लढवाव्यात याची नियमावली. स्प्रिंगच्या छोट्या तोफेतून लाकडी गोळा सुटायचा आणि तो ज्या शिपायाला आडवा करेल तो रणातून बाद व्हायचा. पाय रोवून उभं राहणं हेच तेव्हा चिलखत होतं!

आजच्या टेबलावरच्या वॉरगेममध्ये जगणं-मरणं फाशांवर ठरतं. तरी २८ मिलिमीटरचा, तलवार उगारून एका पायावर झेप घेणारा वीर कलंडला की तासन्‌तास खपून दिलेला रंग उडतो आणि तलवार मनगटापासून मोडते. म्हणून या छंदातली सगळ्यात मजेदार हुशारी बघायची तर सैनिकाला उचलून उलटं करावं आणि त्याच्या पायाखाली काय आहे ते पाहावं.

वॉशरची जादू

कुठलीही वस्तू कधी पडते? तिच्या गुरुत्वमध्यातून खाली सोडलेली रेषा बैठकीच्या बाहेर गेली की. आता हिशोब करू. सैनिकाचा गुरुत्वमध्य टेबलापासून २० मिलिमीटरवर आहे असं धरा. २५ मिलिमीटर व्यासाच्या बेसवर, म्हणजे पायाखालच्या चकतीवर, तो साधारण ३२ अंश कलला की पडणार. बेस ३२ मिलिमीटरचा केला तर ३९ अंशांपर्यंत टिकेल, ४० मिलिमीटरचा केला तर ४५ अंशांपर्यंत. म्हणजे बैठक रुंद केली की फायदा आहेच.

पण खरी गंमत पुढे आहे. प्लॅस्टिकचा सैनिक जेमतेम तीन ग्रॅमचा. त्याच २५ मिलिमीटरच्या बेसच्या पोकळीत २० मिलिमीटरचा, दोन मिलिमीटर जाडीचा लोखंडी वॉशर चिकटवा. त्याचं वजन साडेतीन ग्रॅमच्या आसपास, म्हणजे सैनिकापेक्षा जास्त. गुरुत्वमध्य झर्रकन दहा मिलिमीटरवर उतरतो आणि तोच सैनिक आता ५० अंशांपर्यंत कलूनही सावरतो! हार्डवेअरच्या दुकानातल्या चिल्लर किमतीच्या चकतीने ४० मिलिमीटरच्या मोठ्या बेसला मागे टाकलं.

धातूच्या सैनिकाला मात्र हा उपाय फारसा लागू पडत नाही. कथलाची घनता पॉलिस्टायरीन प्लॅस्टिकच्या सातपट, त्यामुळे कथलाच्या मिश्रधातूत ओतलेला तोच सैनिक वीस ग्रॅमच्या आसपास भरतो. खाली साडेतीन ग्रॅम घातले तरी मर्यादा ३२ वरून ३६ अंशांवर जाते, इतकंच. धातूच्या मूर्तीला रुंद बैठकच हवी. हातात जड लागते म्हणून ती घट्ट उभी राहील, हा समज सोडून द्यावा.

ब्रिटनमधले कित्येक खेळाडू तर बेस विकत न घेता नाणीच वापरतात. तिथलं दोन पेनीचं नाणं २५.९ मिलिमीटरचं आणि ७.१२ ग्रॅमचं. १९९२पासून ते तांब्याचा मुलामा दिलेल्या पोलादाचं निघतं, त्यामुळे त्याला लोहचुंबकही चिकटतो. डब्याच्या तळाला चुंबकी शीट लावली की अख्खी पलटण प्रवासात जागची हलत नाही.

स्टेगोसॉरसचा ड्रॅगन

मनासारखी मूर्ती बाजारात नाही? मग दुसरीची मोडतोड करा. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळाचे एक जनक गॅरी गायगॅक्स यांना खेळासाठी ड्रॅगन हवा होता आणि तेव्हा तो मिळत नव्हता. त्यांनी प्लॅस्टिकचा स्टेगोसॉरस घेतला आणि त्याचाच ड्रॅगन बनवला. १९८०च्या दशकात 'व्हाइट ड्वार्फ' या ब्रिटिश मासिकाने डिओडरंटच्या रिकाम्या बाटलीपासून तरंगता रणगाडा कसा करायचा ते वाचकांना शिकवलं होतं. माझ्या मते या छंदाचा आत्मा त्या बाटलीत आहे.

अशा मोडतोडीत फटी बुजवायला जगभर एक हिरवी पुट्टी चालते. निळी आणि पिवळी पट्टी बोटांनी मळायची, एकजीव हिरवा रंग आला की मिश्रण तयार. आपल्याकडे नळाची गळती थांबवणारं एम-सील याच जातीचं: दोन भाग मळा, आकार द्या, दगडासारखं घट्ट होऊ द्या. बारीक नाक-डोळे घडवायला ते थोडं भरड, पण बेसवरचे खडक करायला झकास.

गोंदाला खिळ्याची साथ

फेविक्विकच्या कुळातला गोंद हॅरी कूव्हर यांना १९४२मध्ये सापडला, तोही बंदुकीने नेम धरण्याचं पारदर्शक साधन बनवण्याच्या खटपटीत. तो हाताला, भांड्याला, सगळ्याला चिकटत सुटला म्हणून तेव्हा बाजूला ठेवला गेला. १९५८मध्ये तो बाजारात आला. हवेतल्या आणि पृष्ठभागावरच्या ओलाव्याने तो घट्ट होतो. सरळ ओढलं तर दाद देत नाही, पण ठिसूळ असल्याने आडवा धक्का बसला की कडकन सुटतो. (सुती कापडावर सांडला तर चटका बसण्याइतका तापतो, हेही लक्षात असू द्या.)

म्हणून ड्रॅगनचा पंख किंवा उडी मारणाऱ्या योद्ध्याचा घोटा नुसता चिकटवून भागत नाही. हाताने फिरवायच्या चिमुकल्या ड्रिलने दोन्ही बाजूंना एक मिलिमीटरचं भोक पाडायचं, आत पेपरक्लिपचा तुकडा घालायचा आणि मग गोंद लावायचा. भार तारेवर जातो, गोंद फक्त धरून ठेवतो. समोरासमोरची भोकं जुळत नसतील तर एका भोकावर रंगाचा थेंब ठेवून तुकडे एकमेकांना टेकवा, दुसरीकडे ठिपका उमटतो. प्लॅस्टिकला प्लॅस्टिक जोडताना हा खटाटोप बहुधा लागत नाही. प्लॅस्टिकसाठीचा 'सिमेंट' नावाचा खास गोंद दोन्ही पृष्ठभाग विरघळवून एकच करून टाकतो.

रेझिनचा भाला वाकडा निघालाय? गरम पाण्यात बुडवा, सरळ करा, लगेच थंड पाण्यात धरा. हात बदलता यावेत म्हणून खांद्यात निओडिमियमचे इवले चुंबक बसवणार असाल तर ते या आंघोळीनंतर. साध्या प्रतीचे हे चुंबक ८० अंश सेल्सिअसच्या पुढे ताकद गमावू लागतात.

अंगापेक्षा भाला मोठा

सगळ्यात अवघड गिऱ्हाईक म्हणजे अलेक्झांडरचे मॅसेडोनियन. त्यांचा सारिसा भाला साडेपाच-सहा मीटरचा. मूर्तीच्या मापात आणला तर २८ मिलिमीटरच्या माणसाच्या हातात दहा सेंटिमीटरची काठी! ती मऊ धातूत ओतली तर दर खेळात वाकते आणि वाकवून सरळ करता करता तुटते. म्हणून जाणकार पोलादी तार घेतात, एक टोक हातोडीने चपटं करतात, कापून पातं काढतात आणि ती मुठीत भोक पाडून बसवतात. मग असे चार-सहा जण एकाच पट्टीवर उभे करतात. एकमेकांच्या आधाराने कोणी पडत नाही आणि उचलताना बोटं भाल्याला लागत नाहीत. फिल बार्कर यांच्या गटाने १९९०मध्ये आणलेल्या 'डीबीए' या नियमावलीत तर अख्खं सैन्य अशा १२ पट्ट्यांचं असतं. दिवाळीच्या किल्ल्यावरचे मातीचे मावळेसुद्धा पायाशी जाडसर ठोकळा घेऊनच येतात, म्हणून तर ते ओल्या उतारावर तग धरतात.

एवढं करूनही पडकी भिंत किंवा टेकडीचा कडा आला की काही मूर्ती डगमगतातच. 'वॉरहॅमर ४०,०००' या खेळाच्या जुन्या नियमपुस्तकाने यालाही नाव देऊन टाकलं होतं, 'वॉबली मॉडेल सिंड्रोम'. मूर्ती हव्या त्या जागी टिकत नसेल तर दोन्ही खेळाडूंनी ती जागा लक्षात ठेवावी आणि मूर्ती शेजारी सुरक्षित उभी करावी. प्रतिस्पर्ध्यावर इतका विश्वास टाकणारा नियम मला फार आवडतो.

तुरे, वाळू आणि फ्रीझर

बेस जड झाला, आता सजवायचा. पांढऱ्या गोंदावर चाळलेली वाळू भुरभुरवायची, बुचाचे तुकडे तोडून खडक करायचे, बागेतली वाळकी मुळं ओंडके म्हणून लावायची. युरोपातले खेळाडू बर्चचे तुरे चुरडतात, कारण त्यातले इवलेसे खवले २८ मिलिमीटरच्या जगात हुबेहूब गळालेली पानं दिसतात.

आणि जुना बेस बदलायचा असेल तर? फेविक्विकसारख्या गोंदाने चिकटवलेली धातूची मूर्ती काही तास फ्रीझरमध्ये ठेवा. थंडीने गोंद आणखी ठिसूळ होतो, धातू आणि प्लॅस्टिक वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात. बाहेर काढून हलकेच पिळलं की बेस टक्‌ करून सुटतो. अ‍ॅसिटोनही तो गोंद विरघळवतं, पण ते फक्त धातूच्या मूर्तीला लावा, प्लॅस्टिकचा सैनिक त्यात पार विरघळून जाईल.