दान द्यावें, पण चेहरा मागूं नये

रात्रींचीं जेवणें आटोपून मंडळी विसावलेली असतात, इतक्यांत कुटुंबाच्या व्हॉट्सॲप-समूहावर एक संदेश येऊन थडकतो. अत्याचार सोसलेल्या एका मुलीचें छायाचित्र, तिचें नांव, गांव, घडलेल्या प्रसंगाचें साद्यंत वर्णन, आणि खालीं पैसे पाठविण्याची खूण. काकूंचे डोळे पाणावतात, पुण्याचा पुतण्या लागलीच पांचशें रुपये पाठवितो आणि अमेरिकेंतील भाचा तोच संदेश आणखी चार समूहांवर धाडतो. सारें पांच मिनिटांत उरकतें. यांत दुष्ट हेतु कोणाचाच नसतो. असा एक संदेश आम्हीं स्वतः पुढें धाडला होता, हें येथें कबूल केलें पाहिजे. ती मुलगी उद्यां कामावर जाईल, परवां कदाचित् संसार थाटील, तेव्हां तें छायाचित्र कोणाकोणाच्या हातीं असेल, हा विचार त्या वेळीं आमच्या मनास शिवलाहि नाहीं.

सत्कार्यासाठीं झोळी फिरविणें आपल्या समाजास नवें नाहीं. महर्षि कर्वे यांनीं १८९६ सालीं पुण्यास अनाथ बालिकाश्रम स्थापिला. त्याच्यासाठीं पार्वतीबाई आठवले वर्गणी मागत हिंडल्या, आणि इंग्रजीचें ज्ञान तुटपुंजें असतां १९१८ सालीं अमेरिकेसहि गेल्या. त्या स्वतः विधवा होत्या. आपली हकीकत त्यांनीं पुढें ‘माझी कहाणी’ या पुस्तकांत सांगितली. पण सांगणारें तोंड त्यांचेंच होतें. काय सांगावयाचें आणि काय पोटांत ठेवावयाचें, हें त्यांचें त्या ठरवीत होत्या. आजच्या झोळींत फरक पडला आहे तो येथेंच. झोळी एकाची आणि कहाणी दुसरीची!

कायद्यानेंहि ही मर्यादा ओळखली आहे. लैंगिक अत्याचार सोसलेल्या स्त्रीची ओळख प्रसिद्ध करणाऱ्यास, १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या ७२ व्या कलमान्वयें दोन वर्षांपर्यंत कैद व दंड सांगितला आहे. निपुण सक्सेना खटल्यांत ११ डिसेंबर २०१८ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें स्पष्ट केलें कीं, नुसतें नांव गाळून भागत नाहीं. जिच्यावरून ती ओळखूं येईल अशी माहिती समाजमाध्यमांवरहि देतां येत नाहीं. सज्ञान स्त्रीनें स्वतः लेखी संमति दिली, तर गोष्ट निराळी.

कोणी म्हणेल, करुण कथेवांचून लोकांचा हात सैल होईल काय? त्यास उत्तर अमेरिकेंत मिळालें आहे. १ जानेवारी २०१८ रोजीं तेथील चित्रपटसृष्टींतील स्त्रियांनीं ‘टाइम्स अप’ ही चळवळ जाहीर केली. कामाच्या ठिकाणीं छळ सोसणाऱ्या स्त्रियांस वकिलाची मदत मिळावी, म्हणून इंटरनेटवरून उभारलेल्या निधींत दोन कोटी डॉलरांहून अधिक रक्कम जमली. आवाहन कोणा एका पीडितेच्या चेहऱ्याचें नव्हतें. वकिलाच्या खर्चाचें होतें. ती संघटना २०२३ सालीं बंद पडली. परंतु निधीचा कारभार पहिल्यापासून एका जुन्या कायदेविषयक संस्थेकडे असल्यामुळें तो तिच्याबरोबर बुडाला नाहीं.

आणि जिला स्वतः पुढें यावयाचें असेल, तिला कोणीं अडवूं नये. मुंबईच्या रेश्मा कुरेशी यांच्यावर २०१४ सालीं ॲसिड फेकलें गेलें. दुसऱ्या वर्षीं ‘मेक लव्ह नॉट स्कार्स’ या संस्थेच्या चित्रफितींत, लिपस्टिक कशी लावावी हें शिकवितां शिकवितां, ॲसिडहि बाजारांत तितकेंच सहज मिळतें, असें त्यांनीं जगास सुनावलें. तेथें चेहरा होता, पण दयेची याचना नव्हती.

तेव्हां समूहावर असा संदेश येईल, त्या वेळीं घरांतील कर्त्या मंडळींनीं चार गोष्टी पाहाव्यात. कथा सांगण्यास त्या स्त्रीची संमति आहे काय? पैसे एखाद्याच्या खासगी खात्यांत जातात, कीं नोंदलेल्या संस्थेच्या? ती संस्था दरसालचा हिशेब दाखविते काय? आणि पैसा शस्त्रक्रिया, वकील, निवारा, समुपदेशन यांपैकीं कशासाठीं आहे? परदेशचें नागरिकत्व घेतलेल्या आप्तांची वर्गणी कायद्यानें परकीय देणगी ठरते, आणि ती स्वीकारण्याची सरकारी परवानगी संस्थेपाशीं असावी लागते. हेंहि विचारून घ्यावें. सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे सातत्य. एका रात्रींच्या कळवळ्यानें दिलेल्या पांच हजारांपेक्षां दरमहा दिलेले दोनशें रुपये संस्थेस अधिक उपयोगी पडतात. कारण समुपदेशिकेचा पगार दर महिन्यास द्यावा लागतो.

पूर्वीं आमच्या घरांतून मुष्टिफंडासाठीं रोज मूठभर धान्य बाजूस काढीत. तें कोणाच्या मुखीं जाईल, हें काढणारी विचारीत नसे, आणि खाणारीस आपलें दुःख तिच्या दारांत येऊन उघडें करावें लागत नसे.

आम्हीं धाडलेला तो संदेश दुसऱ्या दिवशीं आमच्या फोनमधून पुसला. परंतु ज्यांनीं तो पुढें धाडला, त्यांच्याकडून तो परत आणणें आम्हांस साधलें नाहीं. दिलेल्या पांचशें रुपयांची पावती आमच्यापाशीं आहे. त्या मुलीचें जें आम्हीं देऊन टाकलें, त्याची पावती कोठेंच नाहीं.