उड्डाणाच्या खेळातील आकाश कोणाच्या ताब्यात?

पेडणे तालुक्यातील मोपाच्या पठारावरून ५ जानेवारी २०२३ रोजी प्रवासी विमानसेवा सुरू झाली. मायक्रोसॉफ्टचा ‘फ्लाइट सिम्युलेटर’ हा खेळ नव्या रूपात बाजारात आला तो १८ ऑगस्ट २०२० रोजी. घरच्या संगणकावर विमान चालवण्याचा छंद असलेल्या एखाद्या गोमंतकीयाने त्या दिवशी खेळ विकत घेतला असता, तर त्याला दाबोळीला उतरता आले असते; मोपा त्या जगात नव्हताच. अशा वेळी वाटा दोनच. कंपनी आपली माहिती अद्ययावत करील तोवर थांबायचे, नाहीतर कोणी हौशी माणूस उपग्रहचित्रे आणि छायाचित्रे समोर ठेवून धावपट्टी, टॅक्सीमार्ग आणि टर्मिनल स्वतः रचील त्याची वाट पाहायची. गेली तीन-चार दशके हा खेळ मुख्यतः दुसऱ्या वाटेने वाढला. ती वाट पुढे खुली राहणार की तिच्यावर फाटक बसणार, हा या क्षेत्रातील आजचा खरा प्रश्न आहे.

बाहेरच्या माणसांनी तयार करून मूळ खेळाला जोडलेल्या भागांना ‘ॲड-ऑन’ म्हणतात. त्यांत विमानतळ येतात, विमाने येतात, विमानांवर चढवायचे निरनिराळ्या कंपन्यांचे रंग येतात, हवामान येते, आकाशातील इतर वाहतूक येते. खऱ्या वैमानिकांचे मार्ग आणि रेडिओ-खुणा दर २८ दिवसांनी सुधारल्या जातात. ती सुधारित माहिती वर्गणी घेऊन घरच्या खेळाडूंना पुरवणाऱ्या संस्थाही आहेत. यांतील पुष्कळ गोष्टी फुकट मिळतात, काहींना पैसे पडतात, आणि काहींची किंमत मूळ खेळापेक्षाही अधिक असते. घरी घालवलेले हे तास वैमानिकाच्या परवान्यासाठी कोणी मोजत नाही, हे ठाऊक असूनही माणसे पैसे मोजतात.

या खेळाचे मूळ अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात सापडते. ब्रूस आर्टविक या विद्यार्थ्याने १९७५ मध्ये संगणकाच्या पडद्यावर उड्डाणाचे चित्र कसे उमटवता येईल यावर प्रबंध लिहिला, पुढे ‘सबलॉजिक’ ही कंपनी काढली आणि १९८०च्या सुमारास ॲपल संगणकासाठी पहिला खेळ आणला. १९८२ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्याची आवृत्ती आयबीएमच्या संगणकासाठी बाजारात आणली. त्या आवृत्तीत खेळाडूचे विमान शिकागोच्या सरोवरकाठच्या मेग्ज फील्ड या छोट्या विमानतळावर उभे असे. निरनिराळ्या प्रदेशांची दृश्ये सबलॉजिक वेगळ्या फ्लॉपी डिस्कवर विकत असे. जग एकाच डब्यात मावत नाही, ते तुकड्यातुकड्याने जोडावे लागते, ही कल्पना या खेळात अगदी आरंभापासून आहे.

नव्वदच्या दशकात खेळातील विमाने आणि विमानतळ संगणकावरील साध्या फोल्डरांत राहू लागले आणि बाहेरच्या माणसाला खरी संधी मिळाली. फोल्डर उघडावे, फायली पाहाव्यात, एखादी बदलून बघावी, बिघडले तर जुनी परत ठेवावी, अशा उघड्या कारखान्यात एक पिढी शिकली. निवृत्त वैमानिक, महाविद्यालयीन मुले, नोकरी सांभाळून रात्री जागणारे प्रोग्रॅमर यांच्यातून पुढे छोट्या कंपन्या उभ्या राहिल्या. मायक्रोसॉफ्टने हे सारे नीट आखून केले असे म्हणता येत नाही. मात्र तिने दार लावून घेतले नाही, आणि त्याचा लाभ पुढे तिलाही झाला.

तो किती, हे २००९ मध्ये दिसले. ‘फ्लाइट सिम्युलेटर एक्स’ ही आवृत्ती ऑक्टोबर २००६ मध्ये आली होती. जानेवारी २००९ मध्ये कंपनीने कर्मचारी कपात करताना तो खेळ बनवणारा ‘एसेस’ हा स्टुडिओच बंद केला. निर्माता गेला की खेळ वर्षा-दोन वर्षांत विस्मरणात जातो, हा नेहमीचा अनुभव. येथे उलटे घडले. पीएमडीजी या कंपनीचे बोईंग ७३७ हे गाजलेले विमान २०११ मध्ये, म्हणजे स्टुडिओ बंद झाल्यावर दोन वर्षांनी, त्याच जुन्या खेळासाठी प्रसिद्ध झाले. २०१४च्या डिसेंबरमध्ये दुसऱ्या एका कंपनीने परवाना घेऊन तो खेळ पुन्हा विक्रीस आणला. लॉकहीड मार्टिन या संरक्षण क्षेत्रातील कंपनीनेही त्याच पायावर ‘प्रीपेअर थ्रीडी’ ही प्रशिक्षणाची प्रणाली उभारली. करमणुकीसाठी वापरू नये असे तिच्या परवान्यात लिहिलेले असूनही घरचे खेळाडू तिच्याकडे वळले, हा त्यातला गमतीचा भाग. मूळ मालकाने सोडून दिलेल्या घराची डागडुजी भाडेकरूंनी दहा-बारा वर्षे चालवावी, तसा हा प्रकार होता.

याच्या शेजारी २०१२ सालचा दुसरा प्रयोग ठेवून पाहावा. मायक्रोसॉफ्टने फेब्रुवारीत ‘फ्लाइट’ नावाचा खेळ आणला. हवाई बेटांवरील उड्डाण, आरंभ फुकट, पुढील विमाने आणि प्रदेश फक्त कंपनीच्याच दुकानातून विकत घ्यायचे. बाहेरच्या निर्मात्यांना त्यात जागाच नव्हती. जुलै संपण्यापूर्वी कंपनीने त्याचे काम थांबवले. केवळ बंद दारामुळे तो बुडाला असे म्हणणे धाडसाचे ठरेल. खेळ स्वतःही तोकडा होता. पण तो सावरायला बाहेरचे कोणी धावून आले नाही, कारण हात घालायला फटच ठेवलेली नव्हती.

२०२० मध्ये फ्रान्समधील बोर्दो येथील ‘असोबो’ या स्टुडिओने केलेली आवृत्ती आली आणि सगळे गणित बदलले. बिंग नकाशांची उपग्रहचित्रे, त्यांतील छपरे ओळखून इमारती उभी करणारी कृत्रिम बुद्धिमत्ता, आणि कंपनीच्या सर्व्हरवर साठवलेली दोन पेटाबाइट, म्हणजे सुमारे वीस लाख गिगाबाइट माहिती. खेळाडू जिथे उडेल तेवढाच तुकडा आंतरजालावरून त्याच्याकडे येणार. पूर्वी एखाद्या प्रदेशाचे डोंगर, नद्या, शेते रंगवून विकणाऱ्यांचा एक स्वतंत्र धंदा होता. त्या धंद्याचा मोठा भाग या एका आवृत्तीने निरर्थक केला.

मात्र यंत्राने उभे केलेल्या जगात यंत्राच्याच चुका असतात. मेलबर्नच्या एका साध्या उपनगरात खेळाडूंना आकाशात घुसलेला सुळक्यासारखा मनोरा दिसू लागला. ‘ओपन स्ट्रीट मॅप’ या लोकसहभागी नकाशात कोणीतरी एका इमारतीचे मजले २ ऐवजी २१२ टंकले होते. नकाशात ती चूक पुढे दुरुस्त झाली, पण खेळाने माहिती उचलली होती ती दुरुस्तीपूर्वीची. लंडनचा बकिंगहॅम राजवाडाही प्रारंभी कचेरीच्या इमारतीसारखा दिसत होता. वरून पाहून छपराचा आकार कळतो. खाली देऊळ आहे, चर्च आहे की गोदाम, हे तेथे राहणाऱ्याला ठाऊक असते. म्हणून प्रदेश रंगवणाऱ्याचे काम संपले तरी एखादा विमानतळ, एखादे बंदर, एखादे गाव निगुतीने घडवणाऱ्याचे काम उरले आहे.

विमानांची गोष्ट याहून वेगळी. उपग्रहचित्रावरून कॉकपिट तयार होत नाही. उत्तम ॲड-ऑन विमानात प्रत्येक बटणामागे एक व्यवस्था असते. जनित्र बंद केले तर कोणते दिवे जातील, एक इंजिन निकामी झाल्यास हायड्रॉलिक दाब कुठे उतरेल, उड्डाण-संगणकात चुकीचे वजन भरले तर तो काय म्हणेल, हे सारे विमान-उत्पादकाच्या पुस्तिका वाचून आणि वैमानिकांना विचारून लिहावे लागते. एका विमानामागे वर्षे जातात. २०२० सालच्या खेळाची साधी प्रत ६० डॉलरची असताना त्यासाठी आलेल्या एका बोईंग ७३७ची किंमत ७० डॉलरच्या आसपास होती, ती याच कारणाने. दुसऱ्या टोकाला ‘फ्लायबायवायर’ या स्वयंसेवकांच्या गटाने एअरबस ए३२०चे विमान मूळ खेळातील विमानापेक्षा कितीतरी सखोल बनवले आणि मुक्त परवान्याखाली फुकट वाटले. ‘वर्किंग टायटल’ हा आणखी एक हौशी गट खेळातील गार्मिन उपकरणे सुधारत होता. २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्यांनाच हाताशी धरले आणि त्यांचे काम अधिकृत खेळाचा भाग झाले. बाहेरच्या कारागिराला घरात घेणे हा शहाणपणाचा निर्णय होता. तरी घरात कोणाला घ्यायचे हे मालक ठरवतो, हेही त्यातून स्पष्ट झाले.

मालकाच्या या अधिकाराची व्याप्ती अलीकडे वाढली आहे. खेळाच्या आतच दुकान आहे. तेथून घेतलेल्या मालाच्या फायली कुलूपबंद असतात. त्या उघडून शिकण्याचा किंवा दुरुस्त करण्याचा मार्ग राहत नाही. जुलै २०२१ मध्ये खेळ एक्सबॉक्सवर आला. तेथे बाहेरून फाइल आणून ठेवण्याची सोयच नसल्याने त्या खेळाडूपर्यंत पोहोचायचे तर दुकानातूनच जावे लागते. लहान निर्मात्यासाठी हे दुधारी आहे. नवे, मोठे गिऱ्हाईक मिळते, पण दुरुस्ती केलेली प्रत गिऱ्हाइकाच्या हाती कधी पडेल हे दुकानाच्या तपासणीवर अवलंबून राहते.

कुलपाची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. जुन्या खेळात ॲड-ऑनचा प्रोग्रॅम संगणकात कुठेही हात घालू शकत असे. २०१८ मध्ये एका नामांकित निर्मात्या कंपनीने आपल्या विमानाबरोबर एक छुपी फाइल पाठवल्याचे खेळाडूंनीच उघडकीस आणले. चोरीची प्रत वापरणाऱ्याच्या ब्राउझरमधील पासवर्ड काढून घेण्यासाठी ती ठेवलेली होती. कंपनीला ती मागे घ्यावी लागली. नव्या खेळात बाहेरचा प्रोग्रॅम ‘वेबअसेंब्ली’ नावाच्या कुंपणात चालतो. त्याला खेळापलीकडचे काही दिसत नाही. निर्माते कुरकुरतात, कारण कुंपणात काम मंदावते आणि जुने प्रोग्रॅम नव्याने लिहावे लागतात. सामान्य ग्राहकाने मात्र या कुंपणाचे स्वागतच करावे. कुंपण वेगळे आणि कुलूप वेगळे; दोन्ही एकाच युक्तिवादाने खपवली जातात, तेथे सावध राहिले पाहिजे.

१९ नोव्हेंबर २०२४ रोजी आलेल्या आवृत्तीने आणखी एक पाऊल टाकले. आता जमिनीबरोबरच विमानेही सर्व्हरवरून प्रवाहाने येतात. संगणकावर जागा कमी लागते, ही मोठी सोय. पण पहिल्याच दिवशी गर्दीने सर्व्हर कोलमडले, असंख्य खेळाडूंचा पडदा ९७ टक्क्यांवर अडकून राहिला, आणि निर्मात्यांना जाहीर खुलासा करावा लागला. हा गोंधळ काही दिवसांत निवळला. अडचण पुढची आहे. ज्या विमानाच्या मूळ फायली आपल्या संगणकावर पूर्वीसारख्या उघड्या नाहीत, त्यावर नवा रंग चढवणे, त्याचे एखादे उपकरण सुधारणे हे हौशी माणसाचे पहिले धडेच अवघड होऊन बसतात. आजचे अनुभवी निर्माते अशाच धड्यांतून घडले होते.

आणि सर्व्हर कायमचा बंद झाला तर? यूबीसॉफ्टच्या ‘द क्रू’ या मोटारशर्यतीच्या खेळाबाबत ते घडून गेले आहे. २०१४ पासून विकला गेलेला तो खेळ ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद होताच विकत घेतलेल्यांसाठीही संपला. त्यातून ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम उभी राहिली आणि युरोपीय संघाकडे कायद्याची मागणी करणाऱ्या तिच्या अर्जावर जुलै २०२५ मध्ये दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. सिम्युलेटरच्या छंदिष्टाचे नुकसान याहून मोठे होईल, कारण त्याने मूळ खेळाच्या कितीतरी पट पैसे ॲड-ऑनवर घातलेले असतात. एसेस स्टुडिओ बंद झाला तेव्हा जुना खेळ प्रत्येकाच्या हार्ड डिस्कवर शाबूत होता. दोन पेटाबाइटचे जग कोणाच्याही हार्ड डिस्कवर नाही.

दुसऱ्या रीतीही चालू आहेत. ऑस्टिन मायर यांनी नव्वदच्या दशकात सुरू केलेल्या ‘एक्स-प्लेन’मध्ये कोणीही आपल्या गावचा विमानतळ रचून सामायिक भांडाराकडे पाठवू शकतो. तपासणीनंतर तो पुढच्या आवृत्तीत सर्वांना मिळतो आणि मुक्त परवान्यामुळे दुसऱ्याला त्यात सुधारणा करता येते. ‘फ्लाइटगिअर’ तर मुळापासून मुक्त आहे. त्याचा सर्व प्रोग्रॅम पाहता, बदलता येतो. दोन्हींची जमीन मायक्रोसॉफ्टच्या जमिनीइतकी देखणी नाही. उपग्रहचित्रांचा आणि सर्व्हरचा खर्च पेलणे हे स्वयंसेवकांच्या आवाक्याबाहेरचे काम आहे. त्यामुळे बहुसंख्य खेळाडू देखण्या जगाकडेच जाणार. त्यांच्या हिताचा आग्रह एवढाच असू शकतो की विकत घेतलेली विमाने आणि विमानतळ साध्या जमिनीवर का होईना, सर्व्हरशिवाय चालवण्याची सोय कंपनीने राखावी, आणि विकासकांना फुकट मिळणाऱ्या साधनांचे दार उघडे ठेवावे.

पहिल्या आवृत्त्यांतील मेग्ज फील्ड आज शिकागोत नाही. ३० मार्च २००३च्या रात्री महापौर रिचर्ड डेली यांच्या आदेशावरून बुलडोझरांनी त्याच्या धावपट्टीवर मोठमोठ्या फुल्या खोदल्या. सोळा विमाने तेथेच अडकून पडली. २००६च्या आवृत्तीतून मायक्रोसॉफ्टनेही तो वगळला. हौशी मंडळींनी तो पुन्हा बांधला आणि आपल्या खेळात बसवला. नोव्हेंबर २०२२ मध्ये, खेळाच्या चाळिसाव्या वाढदिवसाच्या आवृत्तीत, कंपनीने मेग्ज फील्ड अधिकृतपणे परत आणला. त्याआधी सोळा वर्षे तो अशाच फायलींच्या आधाराने टिकून होता.