जलावतरण आणि नौदलप्रवेश

युद्धनौकेच्या जन्माच्या तिथी दोन असतात. त्यांची नावेही भिन्नच हवीत. गोव्यातील मुरगाव बंदराच्या पोर्तुगीज वळणाच्या नावाने ओळखली जाणारी ‘मोरमुगाओ’ ही विनाशिका मुंबईच्या माझगाव गोदीत बांधली गेली. १७ सप्टेंबर २०१६ रोजी तिचे जलावतरण झाले. परंतु त्या दिवशी ती युद्धास सिद्ध नव्हती. पुढे शस्त्रास्त्रे व उपकरणे यांची जुळणी झाली आणि १९ डिसेंबर २०२१ रोजी, गोवामुक्तीस साठ वर्षे पूर्ण होत असता, ती प्रथमच सागरी चाचणीस निघाली. १८ डिसेंबर २०२२ रोजी तिचा नौदलप्रवेश झाला. मे २०२३ मध्ये तिने ‘ब्राह्मोस’ क्षेपणास्त्राने पहिला लक्ष्यवेध केला. ह्या दोन संज्ञा समानार्थी मानल्यास मधल्या सहा वर्षांचे श्रम अर्थातून गळून पडतात.