थबकलेल्या गाभ्याची जबानी

लोणावळ्याहून कर्जतकडे उतरणारी आगगाडी मंकी हिलजवळ उभी राहते, तेव्हा नवख्या उतारूस वाटते की पुढचा सिग्नल मिळालेला नसावा. परंतु हा थांबा हुकमाचा असतो. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने १८६३ साली बोरघाटाचा मार्ग खुला केला. सदतिसास एक अशा उतारावर ताबा सुटलेली गाडी हे येथील रेल्वेखात्याचे जुने भय होय. सबब घाटात ठिकठिकाणी कॅच सायडिंगची तजवीज केलेली असून सांधा एरवी त्या चढत्या आडवाटेकडेच लावून ठेवलेला असतो, आणि गाडीने प्रत्यक्ष थांबून आपले ब्रेक शाबूत असल्याचा दाखला दिल्यावाचून तिला खालची वाट मिळत नाही. यार्डात तपासणी झाल्याचा कागद गार्डाजवळ असला, तरी उतारावर त्या कागदाची मातबरी चालत नाही.

धावत्या यंत्रास मध्येच उभे करून त्याची अवस्था त्याच क्षणी पाहावी, हा विचार संगणकाच्या क्षेत्रात ज्यांनी चिकाटीने पुढे रेटला, त्यांच्यात याच पुणे जिल्ह्यातील काही मंडळी होती, हे मराठी वाचकांस फारसे ठाऊक नाही. ती हकिकत नीट कळण्यासाठी आधी युनिक्सच्या गाभ्यात, ज्यास कर्नेल म्हणतात त्यात, डोकावणे भाग आहे.

संगणकाची स्मृती, तबकडी, कळफलक, दूरध्वनीशी जोडणारा मोडेम या सर्वांचा कारभार कर्नेलकडे असतो, आणि प्रत्येक उपकरणाशी त्याच्या बोलीत बोलणारा जो कर्नेलचा भाग, तो ड्रायव्हर. बेल प्रयोगशाळेत १९६९ साली जन्मलेल्या युनिक्सचा मूळ मजकूर परवान्याच्या बंधनात होता. ऑस्ट्रेलियातील जॉन लायन्स या अध्यापकाने सहाव्या आवृत्तीवर लिहिलेले भाष्य पुढे परवान्याच्या शर्तींमुळे वर्गात शिकवता येईना, आणि झेरॉक्सच्या प्रतींवरून ते जगभर वाचले गेले. १९९१ साली हेलसिंकीच्या लिनस टॉरवाल्ड्सने लिनक्स आणि १९९२ साली विल्यम व लिन जोलिट्झ या दांपत्याने ३८६बीएसडी खुले केले, तेव्हा बाजारात मिळणाऱ्या साध्या पीसीवर चालणारा कर्नेल कोणाही जिज्ञासूस ओळीगणिक वाचता येऊ लागला. आपल्याकडील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी मॉरिस बाख यांच्या १९८६ सालच्या ग्रंथातून युनिक्सची रचना अभ्यासली होती. आता ती रचना त्यांच्या समोरच्या यंत्रात जिवंत होती, आणि तीत हात घालण्याची मुभाही होती.

मात्र ग्रंथातील यंत्र आणि टेबलावरील यंत्र यांत मोठे अंतर होते. पीसीमधील प्रत्येक कार्डास एक पत्ता आणि लक्ष वेधण्यासाठी एक इंटरप्टची तार लागे, आणि जुन्या आयएसए पद्धतीत ही तार दोघांना निर्वेधपणे वाटून घेता येत नसे. एनई२००० हे स्वस्त नेटवर्क कार्ड कारखान्यातून येई तेच बहुधा तिसऱ्या इंटरप्टवर, आणि दुसरे सिरियल पोर्टही नेमके तिसऱ्यावरच! कर्नेल सुरू होताना कोणते कार्ड कोठे आहे याचा शोध घेई, म्हणजे अनोळखी पत्त्यांवर वाचन-लेखन करून काय उत्तर येते ते पाही; हा शोध एकाचा घ्यावा तर त्या आघाताने दुसरेच कार्ड निश्चेष्ट पडावे, असे घडत असे. लिनक्समध्ये त्यावर उपाय म्हणून काही पत्ते राखीव असल्याचे कर्नेलला आरंभीच बजावून सांगण्याची सोय करावी लागली.

परंतु या काळातील दोषांचे खरे स्वरूप पाहायचे असेल, तर मोडेम ज्यास जोडत त्या सिरियल पोर्टाच्या कैफियतीपाशी रेंगाळले पाहिजे. भारतात सार्वजनिक इंटरनेट आले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमाच्या द्वारे, आणि पुढे काही वर्षे सामान्य माणसाचा त्याच्याशी संबंध दूरध्वनीच्या तारेवरून, मोडेमच्या द्वारेच होता. लोणावळ्यासारख्या गावी, जेथे वर्षास चार हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस कोसळतो, तेथे आलेल्या मजकुरातील अक्षरे गळू लागली की संशय प्रथम जाणार तो पाण्यात भिजलेल्या केबलवर. हा संशय स्वाभाविक असला तरी त्याचा पुरावा तपासावा लागतो. कारण त्या काळच्या चांगल्या मोडेमांत व्ही-४२ या प्रमाणानुसार चूक ओळखून तेवढा भाग पुन्हा मागवण्याची व्यवस्था होती, म्हणजे तारेवरील खरखर वेग कमी करील, फार तर संबंध तोडील, पण मधलीच दोन अक्षरे गुपचूप गिळणार नाही. अक्षरे हरवत होती ती तारेवरून सुखरूप उतरल्यानंतर, मोडेम आणि कर्नेल यांच्यामधल्या वीतभर अंतरात.

याचे गणित सोपे आहे. १४,४०० बिट वेगाचा मोडेम मजकूर आकुंचित करून चौपटीपर्यंत नेऊ शके, म्हणून पोर्टाचा वेग ५७,६०० ठेवीत. एका अक्षरास दहा बिट धरले, तर सेकंदास ५,७६० अक्षरे, म्हणजे दर अक्षरामागे सुमारे १७४ मायक्रोसेकंद मिळतात. जुन्या ८२५० किंवा १६४५० या चिपमध्ये आलेले एकच अक्षर ठेवण्याची जागा होती. तेवढ्या अवधीत कर्नेलने ते उचलले नाही, तर पुढचे अक्षर त्यावर येऊन बसे आणि पहिले कायमचे नष्ट होई. नॅशनल सेमिकंडक्टरने १६५५० ही चिप काढून सोळा अक्षरांची रांग दिली, पण तिच्या पहिल्या रूपात ती रांगच सदोष होती, आणि ती १६५५०-ए मध्ये दुरुस्त झाली. म्हणून ड्रायव्हर चिपच्या एका नोंदवहीतील (रजिस्टरमधील) वरचे दोन बिट वाचून ही दोषी पिढी कोणती आणि शुद्ध पिढी कोणती हे ठरवतो, आणि दोषी ठरल्यास त्या रांगेवर विसंबतच नाही. चिपच्या छापील पुस्तिकेवर विश्वास ठेवून लिहिलेला ड्रायव्हर तर्काने निर्दोष असूनही प्रत्यक्षात खोटा ठरू शके.

१७४ मायक्रोसेकंदांत कर्नेल एक अक्षर का उचलू शकत नव्हता? कारण अपराधी दुसऱ्याच खात्यात होता. तबकडीचा ड्रायव्हर ५१२ बाइटांचा एकेक भाग प्रोसेसरकरवी शब्दशः वाहून आणी, आणि हे काम निर्वेध व्हावे म्हणून तेवढा वेळ इतर सर्व इंटरप्ट बंद ठेवी. एकदम अनेक भाग उचलायचे ठरवले की ही बंदी आणखी लांबे. तबकडी खडखडली की मोडेमची अक्षरे गळत. ३८६बीएसडीच्या वंशात जन्मलेल्या फ्रीबीएसडीत ब्रूस इव्हान्स या ऑस्ट्रेलियन प्रोग्रामरने सिरियल ड्रायव्हरची मांडणीच बदलली: अक्षर उचलून स्मृतीत टाकण्याचे तातडीचे काम वेगळे काढून ते शक्यतो कोणीच अडवू नये असा बंदोबस्त केला, आणि त्या अक्षराचा अर्थ लावण्याचे सावकाश काम मागाहून होऊ दिले. लिनक्समध्ये मार्क लॉर्ड यांच्या एचडीपार्म या साधनाने तबकडीच्या वाचनातच इतर इंटरप्टना मुभा देता येऊ लागली.

आणि ही मुभा देताच एक नवा, अधिक घातक दोष उघडा पडला. सीएमडी-६४० आणि आरझेड-१००० या दोन स्वस्त, म्हणून घरोघर पोहोचलेल्या, तबकडी चालवणाऱ्या आयडीई चिपांच्या रचनेतच खोट होती. आरझेड-१००० पुढचा मजकूर अगाऊ वाचून ठेवी आणि त्या साठ्यात गोंधळ होऊन भलताच मजकूर हाती येई. सीएमडी-६४० वरील दोन वाहिन्या एकाच वेळी चालवल्या तर एकीचे काम दुसरी बिघडवी. तेव्हा २.०.१३ पूर्वीच्या लिनक्सवर या चिपा असताना ती मुभा देणे, म्हणजे मोडेमची दोन अक्षरे वाचवण्यासाठी आपले सारे दप्तर धोक्यात घालणे होते. इलाज झाला तो ड्रायव्हरमध्येच: सदोष चिप ओळखायची, तिचे अगाऊ वाचन बंद करायचे, दोन वाहिन्यांना आळीपाळीनेच काम द्यायचे. कारखान्यातून विकल्या गेलेल्या त्या चिपा कोणी परत घेणार नव्हते. त्यांचे प्रमाद काही ओळींच्या मजकुराने झाकले गेले, आणि त्या ओळी कोणासही वाचता येत होत्या म्हणूनच ते शक्य झाले. परवान्याच्या कुलुपात असलेल्या प्रणालीचा ग्राहक या ठिकाणी काय करू शकला असता? अर्ज करून वाट पाहिली असती.

आता पुण्याकडे वळू. या सर्व दोषांत एक गोष्ट समान आहे: मूळ मजकूर कितीही बारकाईने वाचला, तरी त्यात दोष दिसत नाही, कारण मजकुरात उपकरणाविषयीची लिहिणाऱ्याची समजूत असते, उपकरण खरोखर काय करीत आहे ते त्याच्या नोंदवह्यांत, त्या क्षणी, असते. ते पाहायचे तर कर्नेल थांबवावा लागतो, आणि इतर सर्व कार्यक्रमांना थांबवणारा खुद्द कर्नेल असल्यामुळे त्याला थांबवणार कोण, हा प्रश्न येतो. केजीडीबी हे त्याचे उत्तर. दोन संगणक एका सिरियल केबलने जोडायचे. एकावर तपासावयाचा कर्नेल, दुसऱ्यावर जीडीबी हा डिबगर, म्हणजे कार्यक्रम थांबवून तपासण्याचे साधन. ज्या जागी थांबायचे तेथील आज्ञेचा पहिला बाइट काढून त्याजागी एका बाइटाची थांबण्याची आज्ञा लिहायची. प्रोसेसर तेथे आला की सारा कारभार केजीडीबीच्या हाती येतो, इतर प्रोसेसर असल्यास तेही रोखले जातात, आणि मग दुसऱ्या यंत्रावरून एकेक नोंद मागवून वाचता येते. मागणी डॉलरच्या चिन्हाने सुरू होते, शेवटी दोन अंकांची पडताळणी असते, मजकूर शाबूत पोहोचला तर उलट अधिकचिन्ह येते, नाही तर उणेचिन्ह, आणि तो पुन्हा पाठवला जातो. अक्षरे गिळण्याबद्दल बदनाम झालेले सिरियल पोर्टच येथे साक्षीदाराची वाट झाले; मात्र थबकलेल्या कर्नेलमध्ये इंटरप्ट चालत नसल्याने येथे अक्षर आले का हे पोर्टास पुनःपुन्हा विचारूनच पाहावे लागते.

केजीडीबीचा पाया ग्लेन एंगल, जिम किंग्डन प्रभृतींच्या जुन्या कामात आहे. परंतु लिनक्ससाठी केजीडीबी दीर्घकाळ जोपासणाऱ्यांत अमित काळे यांचे नाव अग्रभागी आहे. ज्या व्हेरिटास कंपनीचे मोठे केंद्र पुण्यात होते तिचे २००० व २००१ सालचे, आणि पुढे पुण्याच्या लिनसिससॉफ्ट टेक्नॉलॉजीज या संस्थेचे श्रेय केजीडीबीच्या मूळ मजकुराच्या माथ्यावर नोंदलेले आहे. हे काम मुख्य कर्नेलच्या बाहेर, प्रत्येक नव्या आवृत्तीशी पुन्हा जुळवून घेत, वर्षानुवर्षे करावे लागले. कारण खुद्द टॉरवाल्ड्स यांचा कर्नेलमधील डिबगरला विरोध होता. २००० साली त्यांनी तो स्पष्ट शब्दांत मांडला: असे साधन हाती असले की माणूस लक्षणापुरती मलमपट्टी करतो, आणि मूळ रचनेचा विचार करण्याचा कष्टाचा मार्ग टाळतो.

या आक्षेपात तथ्य आहे, हे मान्य केलेच पाहिजे. शिवाय थांबवल्याने वेळेचे गणित बदलते आणि १७४ मायक्रोसेकंदांच्या शर्यतीतून उपजलेला दोष तपासाच्या वेळी दिसेनासा होतो. तेथे केजीडीबी निरुपयोगी. तरीही कर्नेलच्या शुद्ध तर्कभागास जो न्याय लागू, तो ड्रायव्हरला लागू नाही असे माझे ठाम मत आहे. कारण ड्रायव्हरमध्ये अर्धा पक्षकार चिप असतो, आणि त्याची जबानी मूळ मजकुरात कोठेही लिहिलेली नसते. आरझेड-१००० चे अगाऊ वाचन एकांतात चिंतन करून कोणास कळले असते? उतारावर गाडी थांबवून ब्रेक पाहणाऱ्यावर कोणी आळसाचा आरोप करीत नाही.

काळे यांची पुढची वाटचालही ड्रायव्हरच्याच क्षेत्रातली आहे. नेटझेन कंपनीच्या दहा गिगाबिट वेगाच्या नेटवर्क कार्डांचा ड्रायव्हर २००७ च्या आरंभी निघालेल्या २.६.२० या आवृत्तीत समाविष्ट झाला, आणि त्याचे लेखक-पालक म्हणून त्यांचेच नाव तेथे होते. केजीडीबीचा मुख्य कर्नेलमध्ये प्रवेश झाला तो जुलै २००८ मध्ये, २.६.२६ या आवृत्तीत. टॉम रिनी, जेसन वेसेल, इंगो मोलनार आदींनी मजकूर पुष्कळ काटछाट करून सुटसुटीत केल्यानंतर. २०१० साली २.६.३५ मध्ये केडीबी हे त्याचे भावंड त्याला येऊन मिळाले. सिरियल पोर्टाच्या ८२५० ड्रायव्हरमध्ये अक्षर विचारून घेण्याची आणि विचारून पाठवण्याची दोन छोटी कार्ये केजीडीबीच्याच निमित्ताने घातली गेली, आणि ती आजही तेथे आहेत.